दोन रकान्यांतील पुस्तके : एका शिक्षिकेच्या वाचनाविषयी

तळ्याच्या एका शिक्षिकेने गेल्या दोन वर्षांत वाचलेल्या पुस्तकांची वही सध्या माझ्यापाशी आहे. त्यांच्या अनुमतीनेच तिच्याविषयी येथे लिहीत आहे. नाव न देण्याची त्यांची अट मी मानली आहे. वहीचे प्रत्येक पान मधोमध रेघ मारून विभागलेले आहे. डाव्या रकान्यावर 'शाळेसाठी' आणि उजव्यावर 'स्वतःसाठी' अशी शीर्षके आहेत. पुस्तकाच्या नावापुढे ते वाचून संपविल्याचा महिना आणि एखाद-दुसरे वाक्य. काही नावांपुढे वाक्य नाही, नुसता महिना आहे. त्याचाही अर्थ लागतो.

शिक्षकांनी वाचले पाहिजे, हा उपदेश दर ५ सप्टेंबरला होतो. शिक्षक प्रत्यक्षात काय वाचतात आणि वाचलेले वर्गापर्यंत कसे पोहोचते, याची चिकित्सा मात्र आपल्या नियतकालिकांत क्वचितच आढळते. परीक्षणे पुस्तकांची होतात, वाचनाची होत नाहीत. म्हणून एखादे नवे पुस्तक हाती घेण्याऐवजी या वेळी एका वाचकाची वही घेतली आहे. वहीतील निवड चोखंदळ आहे आणि टिपणांत ढोंग नाही. माझा आक्षेप आहे तो पानाच्या मधल्या रेघेवर. कोणते पुस्तक तिच्या कोणत्या बाजूला पडले आहे, हे पाहिले की आपल्या शिक्षणव्यवहाराचे एक दुखणे ध्यानात येते, असे मला वाटते.

त्यासाठी बाईंच्या शाळेची थोडी ओळख हवी. मुंबई-गोवा महामार्गावरील इंदापूरहून आत वळले की किल्ल्याच्या पायथ्याशी तळा लागते. भोवतालच्या डोंगरउतारांवर आदिवासीवाड्या आहेत. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर कामासाठी निघतात. परततात ती पावसाच्या तोंडावर. मुले अर्थातच आईबापांबरोबर जातात. हजेरीपटावर नावे असतात आणि बाक रिकामे असतात. बाईंच्या वर्गात अशी मुले आहेत, किंवा अर्धे वर्ष नाहीत. त्यांचे वाचन या रिकाम्या बाकांच्या शेजारी ठेवूनच तपासावयास हवे.

डाव्या रकान्यातील बरीचशी जागा प्रशिक्षणाच्या पुस्तिकांनी व्यापली आहे. 'राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०'चा मराठी मसुदा, २०२१ साली सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानाचे साहित्य, अध्ययन निष्पत्तींचे तक्ते. यांच्यापुढे नुसता महिना आहे. या साहित्याचा हेतू चांगला आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. तिसरीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि साधी आकडेमोड यावी, या अपेक्षेशी कोण भांडेल? परंतु त्यांची भाषा अशी आहे की तीत एकही मूल नाव घेऊन येत नाही. 'अध्ययनार्थी' येतो. अध्ययनार्थ्याला भूक लागत नाही, त्याला धाकटी बहीण सांभाळावी लागत नाही आणि तो नोव्हेंबरात भट्टीवर जात नाही. पुढे जाऊ.

त्याच रकान्यात 'तोत्तोचान' आहे, आणि तिच्यापुढे बाईंनी लिहिले आहे : 'अशी शाळा हवी.' तेत्सुको कुरोयानागी यांचे हे पुस्तक जपानात १९८१ साली निघाले आणि तेथे त्याने खपाचे विक्रम केले. चेतना सरदेशमुख गोसावी यांच्या अनुवादाने ते मराठी शिक्षकांच्या घराघरांत पोहोचले. आपल्याकडे शिक्षणविषयक पुस्तकांत इतके प्रेम क्वचितच कोणाच्या वाट्याला आले असेल, आणि ते सर्वस्वी योग्य आहे. पहिल्याच इयत्तेत शाळेतून काढून टाकलेली एक चिमुरडी. आगगाडीच्या जुन्या डब्यांत वर्ग भरविणारी तोमोए नावाची शाळा. पहिल्या भेटीत तिची बडबड चार तास ऐकून घेणारे मुख्याध्यापक सोसाकु कोबायाशी. लेखिकेने मोठेपणीचे शहाणपण मुलीच्या तोंडी घातलेले नाही, हा या पुस्तकाचा मोठा कलागुण आहे. डब्यात डोंगरातले काय आणि समुद्रातले काय आहे, हे पाहत फिरणारे मुख्याध्यापक आपल्याला मुलीच्या उंचीवरून दिसतात. शेवटी १९४५च्या बॉम्बवर्षावात शाळा जळत असताना कोबायाशी आपल्या मुलाला पुढची शाळा कशी बांधायची, हे विचारतात. येथे लेखणी जराही चढ्या सुरात जात नाही. मूळ शीर्षकात 'खिडकीशी असलेली मुलगी' आहे. कामाच्या ठिकाणी बाजूला सारलेल्या माणसांना जपानीत 'खिडकीजवळचे' म्हणत, ही त्या शीर्षकामागची खोच मराठी वाचकापर्यंत सहसा पोहोचत नाही.

असे असूनही या पुस्तकाविषयी माझ्या मनात एक शंका आहे, आणि ती पुस्तकापेक्षा आपण ते कसे वाचतो याविषयी अधिक आहे. ते वाचताना प्रत्येक शिक्षक नकळत कोबायाशींच्या जागी जाऊन बसतो. आरंभीच्या काही पानांत आणखी एक शिक्षिका येते. मेजाचे झाकण शंभरदा उघडणाऱ्या, खिडकीतून रस्त्यावरच्या वाजंत्रीवाल्यांना हाका मारणाऱ्या या मुलीला कंटाळून ती तिच्या आईला बोलावून घेते. ती दुष्ट नाही, थकलेली आहे. तिच्या जागी कोणी बसत नाही. आणि आणखी एक. तोत्तोचान तोमोएच्या दारापर्यंत पोहोचते ती तिच्या आईमुळे. शाळेतून काढल्याचे मुलीला कळू न देता ती माउली शांतपणे दुसरी शाळा शोधते. मुलगी वीस वर्षांची होईपर्यंत ते सांगत नाही. वडील व्हायोलिनवादक, घर सुसंस्कृत. ज्या मुलाची आई पहाटेपासून विटा थापते, त्याला कोबायाशींच्या दाराशी कोण नेणार? पुस्तक हा प्रश्न विचारीत नाही. त्याने तो विचारलाच पाहिजे असेही नाही. पण 'अशी शाळा हवी' या तीन शब्दांआधी तो विचारावयास हवा होता.

गिजुभाई बधेकांचे 'दिवास्वप्न' (१९३२) हे त्या मानाने अधिक कसदार व्यावसायिक वाचन. वकिली सोडून भावनगरच्या दक्षिणामूर्तीत बालशिक्षणाचे काम करणाऱ्या या गृहस्थाने काल्पनिक शिक्षकाच्या तोंडून चौथीच्या वर्गाचे एक वर्ष सांगितले आहे. पहिल्याच दिवशी शांततेचा खेळ साफ फसतो आणि वर्गात गलका उसळतो, तेथेच शिक्षक-वाचकाचा लेखकावर विश्वास बसतो. गोष्टींनी वर्ग कसा बांधला जातो, हे त्यांनी दाखविले आहे. नुसते सांगितलेले नाही. बाईंनी पुढे लिहिले आहे : 'गोष्ट सांगून पाहिली. घंटा झाली तरी उठेनात.' हे एक वाक्य पुष्कळ प्रशिक्षण-अहवालांपेक्षा मोलाचे आहे. तथापि शीर्षक प्रामाणिक आहे, हेही विसरू नये. स्वप्न दिवसाचे असले तरी स्वप्नच. त्यातला वर्ग वर्षभर जागेवर असतो.

आता उजव्या रकान्याकडे वळतो. तेथे, 'स्वतःसाठी' या शीर्षकाखाली, 'प्रिय बाई' हे पुस्तक आहे. त्याच्यापुढे टिपण आहे : 'राग आला. अर्धे वाचून ठेवून दिले. महिन्याने पुन्हा घेतले.' शिक्षकाला उद्देशून, शाळेविषयी, शाळेने नापास केलेल्या मुलांनी लिहिलेले हे पुस्तक 'शाळेसाठी'च्या रकान्यात जाऊ नये, याचे मला प्रथम आश्चर्य वाटले. मग वाटले, ज्या वाचनाने बोचरे वाटते ते आपण सारेच खासगी ठेवतो.

आपल्या वाचकांना या पुस्तकाची हकीकत ठाऊक असावी, कारण ते एका धर्मग्रामात जन्मले. डॉन लोरेन्झो मिलानी हे फ्लॉरेन्सच्या सधन आणि सुशिक्षित घरातले. आई ज्यू वंशाची. जन्म १९२३चा, गुरुदीक्षा १९४७ची. पहिल्या नेमणुकीत कालेन्झानो येथे त्यांनी तरुण कामगारांसाठी रात्रीची शाळा चालविली. डिसेंबर १९५४मध्ये त्यांना बार्बियाना या डोंगरावरच्या लहानशा वस्तीवर धाडण्यात आले. तेथे धड रस्ता नव्हता, वीज नव्हती, नळाचे पाणी नव्हते. अशी नेमणूक म्हणजे काय, हे धर्मगुरूंना समजावून सांगावे लागत नाही. तेथे गेल्याबरोबर त्यांनी गावच्या इवल्याशा दफनभूमीत स्वतःसाठी जागा विकत घेतली आणि चर्चच्या घरातच शाळा उघडली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत, वर्षाचे सर्व दिवस. मोठ्या मुलांनी लहानांना शिकवायचे, वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचे, अडलेल्या शब्दापाशी थांबायचे. भिंतीवर 'आय केअर' हे दोन इंग्रजी शब्द लिहिलेले होते.

या शाळेतून आठ मुलांनी वर्षभर खपून एका शिक्षिकेला लिहिलेले पत्र मे १९६७मध्ये पुस्तकरूपाने निघाले. २६ जून १९६७ रोजी, वयाच्या ४४व्या वर्षी, मिलानी कर्करोगाने वारले. त्यांनी जागा घेतली होती तेथेच त्यांना पुरले आहे.

पुस्तकाचा युक्तिवाद सरळ आहे. १९६२च्या कायद्याने इटलीत चौदा वर्षांपर्यंतची एकसारखी शाळा सर्वांसाठी सक्तीची झाली. कायदा म्हणतो या, आणि शाळा परीक्षेच्या वाटेने गरिबांच्या मुलांना बाहेर काढते. डॉक्टरांचा मुलगा पिएरिनो घरातूनच भाषा घेऊन येतो, गरिबाघरचा जान्नी ती घेऊन येत नाही. दोघांना एकाच मापाने मोजणे हा न्याय नव्हे, असे मुलांचे म्हणणे आहे. ते नुसते म्हणून थांबत नाहीत. सरकारी आकडेवारी मिळवून, तक्ते काढून, कोणत्या इयत्तेत कोणाची मुले गळतात हे मांडतात. शेवटी मागण्या तीन : कोणाला नापास करू नका, जी मुले मंद वाटतात त्यांना दिवसभराची शाळा द्या, जी आळशी वाटतात त्यांना शिकण्याचे काही प्रयोजन द्या.

वाङ्मयीन दृष्टीने पाहता या पुस्तकाचे बळ त्याच्या घडणीत आहे. ते कोणा एकाचे नाही. प्रत्येकाने वहीत टिपणे करायची, एकेक मुद्दा एकेका चिठ्ठीवर उतरवायचा, चिठ्ठ्यांचे गठ्ठे करायचे, गठ्ठ्यांची प्रकरणे करायची आणि मग शब्द कापत जायचे, ही बार्बियानाची लेखनपद्धती होती. म्हणूनच त्याची वाक्ये आखूड, टणक आणि अंगावर येणारी आहेत. दरिद्री घरातली मुले मोजून पैसे खर्च करतात तसे त्यांनी शब्द खर्चिले आहेत. मराठी शीर्षकही मोठे समर्पक साधले आहे. इटालियन 'सिन्योरा'ला मराठी शाळेत दुसरा शब्दच नाही. 'मॅडम' म्हटले असते तर शाळा बदलली असती. 'गुरुमाउली' म्हटले असते तर राग निघून गेला असता. 'बाई' या हाकेत जिव्हाळा आणि तक्रार दोन्ही राहतात.

'तोत्तोचान'मधली ती थकलेली पहिली शिक्षिका आठवावी. 'प्रिय बाई' हे पत्र तिला आहे. एका पुस्तकात जिची काही पाने झाली, तिलाच दुसऱ्या पुस्तकाने शेवटपर्यंत समोर बसवून ठेवले आहे. ही दोन पुस्तके एकाच वाचकाने जवळजवळ एकाच ऋतूत वाचावी आणि मध्ये रेघ ओढून त्यांना एकमेकांशी बोलू देऊ नये, हे मला खटकते.

पुस्तक निर्दोष आहे असे मुळीच नव्हे. पत्र जिला लिहिले तिला उत्तराची संधी नाही. तिचा पगार, तिच्या सुट्ट्या, तिच्या घरच्या शिकवण्या यांवर मुले तुटून पडतात, त्यात अन्याय आहे. पूर्ण वेळच्या शाळेसाठी शिक्षकाचा संसार आड येऊ नये, तेव्हा नवराबायको दोघांनी मिळून शाळेतच राहावे किंवा ब्रह्मचर्य पत्करावे, असा उपाय सुचविला आहे. तो वाचून मला हसू आले. यामागे कोणाचा हात असावा, हे आम्हा लोकांना ओळखता येते. समासात बाईंनी लिहिले आहे : 'माझी दोन मुले, सासूबाई आणि साडेपाचची एस.टी. या फादरांना ठाऊक नाही.' टीका म्हणून हे वाक्य पुरेसे आहे. शिवाय बार्बियानात खेळ नाही. खेळणे म्हणजे वेळ दवडणे, असा तेथला कडक शिरस्ता. मुलींचा आवाज पुस्तकात जवळजवळ नाही. तोमोएतल्या मुलांना पोहता येई, गाता येई, झाडावर चढता येई. बार्बियानाच्या मुलांना मंत्र्यांचे भाषण उलगडता येई. कातकरी वाडीवरच्या मुलाला झाडावर चढायला शिकवावे लागत नाही, एवढे खरे. पण त्यालाही गाणे हवेच.

तरीही हे पुस्तक आज तळ्यात वाचणे निकडीचे का आहे, ते सांगितले पाहिजे. शिक्षण हक्क कायद्याने २००९ साली आठवीपर्यंत कोणालाही त्याच वर्गात ठेवू नये, असे ठरविले होते. २०१९ साली त्यात दुरुस्ती होऊन राज्यांना मुभा मिळाली आणि महाराष्ट्रात २०२३-२४पासून पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा सुरू झाली. नापास झाला तर पुनर्परीक्षा, तीतही नापास झाला तर त्याच वर्गात. या बदलाच्या बाजूने बोलणारे अनेक शिक्षक मला भेटतात, आणि त्यांचे म्हणणे पोकळ नाही. काही न येताच मूल नववीत जाते आणि तेथे कोसळते, हेही क्रौर्यच आहे. मुलाला पुढे ढकलणे म्हणजे शिकविणे नव्हे, हे बार्बियानाची मुलेही मान्य करतील. म्हणून तर त्यांनी पहिल्या मागणीला दुसरी जोडली. दिवसभराची शाळा न देता नुसते नापास करणे वा नुसते पास करणे, दोन्ही सारखेच स्वस्त आहे. जे मूल दिवाळीनंतर भट्टीवर होते त्याची पुनर्परीक्षा कोणत्या अभ्यासाची घ्यायची? बाईंनी या प्रकरणापाशी फक्त तीन मुलांची आद्याक्षरे लिहिली आहेत. टिपण नाही.

आपल्या स्वतःच्या घराकडेही पाहू. धर्मग्रामाच्या शाळेचा दहावीचा निकाल शंभर टक्के लागला की मिस्सानंतर घोषणा होते आणि टाळ्या पडतात. पाचवीला दाखल झालेल्यांपैकी किती जण त्या दहावीपर्यंत पोहोचले, हे वेदीवरून कोणी वाचून दाखविल्याचे माझ्या ऐकिवात नाही. ख्रिस्ती शिक्षणाविषयीच्या १९६५च्या घोषणापत्रात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ऐहिक धनाने दरिद्री असलेल्यांची, कुटुंबाच्या आधाराला पारखे झालेल्यांची आणि श्रद्धेपासून दूर असलेल्यांची विशेष काळजी कॅथलिक शिक्षणावर सोपविली आहे. मिलानी ती काळजी त्याआधी दहा वर्षे वाहत होते. त्यांचे १९५८चे, धर्मग्रामीण अनुभवांवरचे पुस्तक वर्षाच्या आत पवित्र कार्यालयाच्या आदेशाने बाजारातून मागे घेण्यात आले होते. तो आदेश २०१४पर्यंत कोणी उठविला नव्हता. २० जून २०१७ रोजी पोप फ्रान्सिस बार्बियानाला गेले आणि त्यांच्या थडग्याशी उभे राहून त्यांनी प्रार्थना केली. पन्नास वर्षांनी आलेली ही भेट मला हृद्य वाटते. पण पन्नास हा आकडाही मी मोजतो.

'प्रिय बाई'च्या खालोखाल त्याच रकान्यात अनुताई वाघांचे 'कोसबाडच्या टेकडीवरून' आहे, आणि तेही चुकीच्या बाजूला पडले आहे. बालपणीच लग्न होऊन काही महिन्यांतच वैधव्य आलेल्या या बाई (१९१०-१९९२) शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि १९४५ साली ताराबाई मोडकांबरोबर बोर्डीला गेल्या. पुढे कोसबाडच्या वारली पाड्यांत त्यांनी आयुष्य काढले. ताराबाई गिजुभाईंच्या सहकारी, म्हणजे 'दिवास्वप्ना'चीच एक शाखा डहाणूच्या डोंगरात रुजली. बालवाडी पाड्यावर नेणे, म्हणजे मूल येत नाही तर अंगणात जाऊन शाळा भरविणे, हे त्यांनी केले. गुरे चारणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा भरविली, तिला कुरणशाळा म्हटले. मला या पुस्तकाची शैली 'तोत्तोचान'इतकी मोहक वाटत नाही. अनुताई पुष्कळदा अहवालाच्या चालीने लिहितात आणि स्वतःच्या दुःखापाशी क्षणभरही थांबत नाहीत. पण मिलानींच्या दुसऱ्या मागणीला मराठी मातीत काय उत्तर असू शकते, ते येथे आहे. मुलाची वेळ, मुलाची जागा, मुलाची भाषा. पुढे वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर विधायक संसदेने भोंगाशाळा चालविल्या, त्यांचेही मूळ याच विचारात आहे. वसईकर वाचकांना त्या आठवत असतील.

मुलाची भाषा म्हटल्यावर रायगडच्या ख्रिस्ती माणसाला कोर्लई आठवल्यावाचून राहत नाही. तेथली आपली मुले घरी पोर्तुगीजमधून घडलेली स्वतःची बोली बोलतात आणि शाळेत मराठीला सामोरी जातात. कातकरी मूलही घरची बोली घेऊनच येते. शाळा तिला अशुद्ध मराठी समजून खोडते. जान्नीचेही दुखणे हेच होते.

उजव्या रकान्यात पुढे लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' येतात आणि मग, वाचून कधीच न संपलेले, म्हणून महिना नसलेले, 'सुबोध बायबल'. 'स्मृतिचित्रां'विषयी मराठीत इतके लिहिले गेले आहे की मी भर घालणार नाही, एकच सुचवितो. अक्षरओळख नसलेल्या बाईने संसार मांडल्यावर अक्षरे गिरविणे, शिकविणाऱ्याचा उतावीळपणा सोसणे, हळूहळू लिहू लागणे आणि अखेर पतीने अपुरे ठेवलेले 'ख्रिस्तायन' स्वतः पुढे नेणे, हा शिकण्याचा इतिहास शिकणाऱ्याच्या बाजूने सांगणारे असे पुस्तक आपल्या भाषेत दुर्मीळ आहे. साक्षरतेच्या कोणत्याही पुस्तिकेआधी ते शिक्षकाच्या हाती द्यावे. टिळक कुटुंब प्रॉटेस्टंट मिशनचे, म्हणून आपल्या कॅथलिक घरांतून ते पुस्तक काहीसे परके राहिले. त्यात नुकसान आपले झाले.

'सुबोध बायबल'बद्दल बाईंनी मोठी मार्मिक नोंद केली आहे : 'दाखले मोठ्याने वाचले की सोपे, मनात वाचले की अवघड.' फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या या अनुवादाला २०१३ सालचा साहित्य अकादमीचा अनुवाद-पुरस्कार मिळाला. २०२४ साली फादर गेले. त्यांचे मराठी उच्चारासाठी घडलेले आहे, वाक्य कोठे थांबते हे श्वासाने कळते. हरवलेल्या मेंढराच्या दाखल्यात नव्याण्णव मेंढरे रानात सोडून जाणाऱ्या मेंढपाळाचा हिशेब कोणत्याही शाळा-तपासणीत बसणार नाही. बाई ही कथा रात्री 'स्वतःसाठी' वाचतात आणि सकाळी ज्या हजेरीपटावर तीन नावांपुढे गैरहजेरी मांडतात, ती दोन पाने एकमेकांपासून फार दूर नाहीत.

वाचनाच्या या दोन कप्प्यांचा आजार केवळ शिक्षकांना जडलेला नाही. सेमिनरीत आम्हालाही अभ्यासाचे वाचन वेगळे, आध्यात्मिक वाचन वेगळे आणि कथा-कादंबरी म्हणजे सुट्टीचा विरंगुळा, अशी शिस्त होती. जुलै २०२४मध्ये पोप फ्रान्सिस यांनी घडणीतील साहित्याच्या स्थानाविषयी एक पत्र लिहिले. धर्मगुरूंच्या प्रशिक्षणासाठी म्हणून योजलेले हे पत्र त्यांनी सर्व ख्रिस्ती माणसांना उद्देशून विस्तारले आहे. त्यात त्यांनी आपल्या शिक्षकपणाची एक आठवण दिली आहे. अर्जेंटिनातील सांता फे येथे जेझुइट शाळेत साहित्य शिकविताना मुलांना नेमलेले जुने स्पॅनिश महाकाव्य नको होते, त्यांना लोर्का हवा होता. तरुण बेर्गोलियोंनी महाकाव्य घरी वाचायला सांगितले आणि वर्गात मुलांना आवडणाऱ्या लेखकांवर चर्चा केली. मुले त्या वाटेने पुढे इतर लेखकांकडेही वळली. पत्र आपल्याकडे पुरेसे वाचले गेले नाही. त्याचा मराठी अनुवाद प्रत्येक धर्मग्रामातील शिक्षकांच्या हाती द्यावा, असे मी सुचवितो. खर्च फार नाही.

वहीत एक उणीव मात्र राहते, आणि ती बाईंपेक्षा आपल्या सर्वांच्या वाचनाची आहे. जान्नीचे पत्र इटालियनमधून यावे लागते, याचा अर्थ मराठीत ते लिहिले गेले नाही, असा नाही. आपल्या जान्नींनी पत्रे लिहिली नाहीत, आत्मचरित्रे लिहिली. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० साली आले. साहित्य अकादमीने त्याचा गौरव केला, विद्यापीठांनी ते अभ्यासक्रमाला लावले. गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरणाऱ्या कैकाडी बापाला पोराने शाळा शिकावी असे वाटते आणि बिऱ्हाड हलले की शाळाही हलते, ही गोष्ट भट्टीवर जाणाऱ्या मुलाच्या शिक्षिकेने वाचली नसेल, तर दोष तिचा नाही. 'दलित आत्मकथन' अशी चिठ्ठी लावून आपण ते साहित्याच्या कपाटात ठेवले आणि शिक्षणाच्या कपाटात जपानची आगगाडी ठेवली. लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या'ही असेच. या पुस्तकांतली शाळेची पाने वेगळी काढून शिक्षकांच्या केंद्रसंमेलनात मोठ्याने वाचावीत. त्यांत 'बाई' आणि 'गुरुजी' जागोजाग आहेत, काही ठिकाणी मोठ्या मनाचे, काही ठिकाणी हातात छडी घेतलेले, आणि त्यांना उत्तराची संधीही आहे. कातकरी वाडीवरून असे पुस्तक माझ्या पाहण्यात अद्याप आलेले नाही.

वही मी पुढच्या रविवारी परत करणार आहे. सोबत 'उपरा'ची प्रत ठेवली आहे. ती कोणत्या रकान्यात नोंदवायची, ते बाई ठरवितील.